होलोकॉस्टच्या, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराच्या, कविता वाचायला बसताय?

एवढ्या भयापुढे कविता अपुरी वाटते, म्हणालात. अहो, ती अपुरीच आहे! हिब्रू कवी डान पागिस यांची, ज्यूंना छळछावणीकडे नेणाऱ्या बंद रेल्वेडब्यात पेन्सिलीने लिहिलेल्या ओळींची कविता घ्या. मुलगा हाबेलसोबत डब्यात असलेली हव्वा, बायबलमधली पहिली आई, थोरल्या मुलासाठी, हाबेलला मारणाऱ्या काइनासाठी, निरोप ठेवू लागते आणि वाक्य मध्येच तुटतं. शेवट पुन्हा पहिल्या ओळीला जोडून वाचा. निरोप नुसता गोल फिरत राहतो, पोचत नाही. छावणीचं एक अक्षरही वर्णन नाही.

मग ज्यू कवी पॉल त्सेलान. १९४२ मध्ये त्यांच्या आईवडिलांना ट्रान्सनिस्ट्रियात, पूर्व युरोपातल्या छावण्यांच्या प्रदेशात, नेलं, दोघंही परतले नाहीत. तरी ते जर्मनमध्येच लिहीत राहिले. आईची भाषा ती, आणि मारेकऱ्यांचीही. त्यांच्या 'टोडेसफ्यूग' ('मृत्यूची फ्यूग', फ्यूग म्हणजे एकच सूर फिरून फिरून येणारी संगीतरचना) या कवितेत विरामचिन्हं नाहीत. 'काळं दूध' फिरून फिरून येतं. भयाची आठवण अशीच येते, गोष्टीसारखी ओळीने नाही.

म्हणून मोठ्याने वाचा, अडखळलात तर अडखळा. 'काळं दूध म्हणजे नेमकं काय?' यात मी सुरुवातीला महिनाभर घालवला, फुकट. कवीचं चरित्र मात्र आधी वाचा. आणि एका बैठकीत एकच कविता, दुसरी उद्या.