केनियातील शाळेसाठी बॅगेत काय न्यावे?

प्रश्न : येत्या ऑगस्टमध्ये आम्ही सहकुटुंब केनियातील मसाई मारा येथे सफारीसाठी जाणार आहोत. वाटेतील एखाद्या गरीब शाळेत स्वतःच्या हाताने वह्या आणि खाऊ वाटावा, अशी आमच्या मुलांची फार इच्छा आहे. अब्दुल रहमान स्ट्रीटवरून घाऊक भावात वह्या घेऊन नेल्या तर चालतील का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : मुलांची इच्छा मोडू नका, मात्र खरेदीला निघण्यापूर्वी आपल्या सफारी कॅम्पला ईमेल पाठवून, त्यांचा कोणत्या शाळेशी संबंध आहे आणि त्या शाळेला नेमके काय कमी पडते, हे विचारून घ्या. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘पॅक फॉर अ पर्पज’ या संस्थेच्या संकेतस्थळावरही अशा गरजांच्या याद्या पाहायला मिळतात.

वह्या मुंबईहून नेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या जड असतात, नैरोबीत सहज मिळतात आणि तिथे घेतल्यास तिथल्याच दुकानदाराला चार पैसे मिळतात. त्याऐवजी शाळेने मागितल्यास कंपासपेट्या, हवा काढलेले फुटबॉल व पंप, किंवा मोठ्या मुलींसाठी धुऊन पुन्हा वापरता येणारे कापडी पॅड न्यावेत. तिथे वरच्या इयत्तांचे शिक्षण इंग्रजीतून होत असल्यामुळे आपल्या मुलांनी वाचून संपवलेली, सुस्थितीतील इंग्रजी गोष्टींची पुस्तकेही उपयोगी पडतील. हे सारे कापडी पिशव्यांतच बांधा, कारण २८ ऑगस्ट २०१७ पासून केनियात प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर कडक बंदी आहे.

खाऊ मात्र कृपया वाटू नका. आपल्या मुलांच्या शाळेत मधल्या सुट्टीत कोणी अनोळखी पाहुणा गोळ्या वाटू लागला आणि मुलांचे फोटो काढू लागला, तर आपण त्याला फाटकावरच अडवू. मसाई आईवडिलांनाही आपल्या लेकरांची तेवढीच काळजी असते. शिवाय गाडी थांबली की काहीतरी मिळते, हे एकदा कळले की मुले शाळा बुडवून रस्त्यावर उभी राहू लागतात, आणि याला आपल्यासारख्यांचा चांगला हेतूच कारणीभूत ठरतो.

आणखी एक अडचण आहे. ऑगस्टमध्ये बराच काळ तिथल्या शाळांना सुट्टी असते, त्यामुळे स्वतःच्या हाताने देण्याचा आनंद कदाचित हुकेल, हे मुलांना आताच समजावून सांगा. तसे झाल्यास सामानाची यादी आणि मुलांनी लिहिलेले पत्र जोडून ते मुख्याध्यापकांच्या नावे कॅम्पच्या व्यवस्थापकांकडे सोपवा, आणि शाळा उघडल्यावर पोच पाठवण्याची विनंती करा.