इंजेक्टर धुवायचा, तपासायचा की बदलायचा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

२००९ ची वॅगन-आर आहे. सिग्नलला उभी असली की थरथरते, पिकअपही राहिला नाही. मेकॅनिक म्हणतो चारही इंजेक्टर बदला. बदलू का? (महाल)

इंजेक्टर म्हणजे इंजिनात इंधन फवारणारा भाग. न तपासता एकही बदलू नका. जुना प्लग, कमजोर इग्निशन कॉइल, काळी पडलेली थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग), चिरलेला व्हॅक्यूम पाइप, यांतल्या कशानेही गाडी अशीच थरथरते, आणि ही सगळी दुरुस्ती इंजेक्टरपेक्षा स्वस्त आहे.

इंजिन आयडलिंगला ठेवून एकेका इंजेक्टरचा कपलर (वायरची जोडणी) काढा आणि परत लावा. काढल्यावर आरपीएम पडले तर तो सिलिंडर काम करतोय. ज्याचा कपलर काढून काहीच फरक पडत नाही, तिथे गडबड आहे. हीच तपासणी काही जण प्लगची वायर ओढून करतात, ते करू देऊ नका. तसं केल्यावर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या मार्गातला धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन तो तापतो. कपलर काढला की त्या सिलिंडरचं पेट्रोलच थांबतं.

गडबडीचा सिलिंडर सापडला की त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावा. मिसिंग (सिलिंडरने काम न करणं) प्लगच्या मागे गेलं तर प्लग बदला, काम संपलं. मागे गेलं नाही तर इग्निशन बंद करून इंजेक्टरच्या दोन पिनांमध्ये मल्टिमीटर लावा. अशा गाड्यांत साधारण १२ ते १६ ओहम दिसतात, आणि चौघांचे आकडे जवळपास सारखे हवेत. मीटरने काहीच दाखवलं नाही तर इंजेक्टरच्या आतली कॉइल तुटली आहे. तो इंजेक्टर धुऊन उपयोग नाही, बदलावाच लागेल.

ओहम बरोबर असले तरी फवारा बरोबर आहे असं नाही. ते टेस्ट बेंचवरच (इंजेक्टर गाडीबाहेर चालवून बघायचं यंत्र) कळतं. चारही इंजेक्टर एकाच दाबावर, तेवढाच वेळ चालवून काचेच्या नळ्यांत पेट्रोल मोजतात. समजा ५२, ५१, ४४ आणि ५२ मिली आलं. तिसरा बाकीच्यांपेक्षा सुमारे १५ टक्के कमी देतोय. ऑक्सिजन सेन्सर चारही सिलिंडरचा धूर एकत्र बघतो, त्यामुळे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सगळ्यांचंच पेट्रोल वाढवतो. तिसरा तरीही उपाशी राहतो आणि उरलेले तिघे जास्त पितात. मायलेज पडतं ते त्यामुळे. अल्ट्रासॉनिक टबमध्ये (ध्वनिलहरींनी घाण सोडवणारं भांडं) धुतल्यावर तिसऱ्याचे ५० मिली झाले तर तो खुशाल परत बसवा. फरक ५ टक्क्यांच्या आत चालतो, १० च्या वर गेला तर तो इंजेक्टर बदला. एकच बदलला तरी हरकत नाही, फक्त पार्ट नंबर तोच हवा. धुण्याआधीचे आणि नंतरचे आकडे कागदावर मागा. आकडे न देता ‘क्लीनिंग केलं’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

घरीच बॅटरी आणि कार्ब क्लीनरने इंजेक्टर धुता येतात का? (मानेवाडा)

येतात, पण चांगले धुतले गेले की नाही हे घरी मोजता येत नाही. तरी करायचंच असेल तर आधी रेलमधला (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारी नळी) दाब काढा: फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालू द्या, मग दोन-तीन सेकंद सेल्फ मारा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. इंजेक्टर ओढण्याआधी बुडाभोवतीची धूळ हवेने उडवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिथे मातीचा थर असतो आणि तो सरळ इनटेकमध्ये पडतो.

इंजेक्टरला १२ व्होल्ट सलग देऊ नका. आयडलिंगला तो एका वेळी दोन-तीन मिलिसेकंदच उघडतो, सलग करंट दिला तर कॉइल जळते. टिचकीसारखा क्षणभर स्पर्श पुरे. हे काम उघड्यावर करा. पोर्चमध्ये शेजारी डेझर्ट कूलरची मोटर फिरत असताना तर अजिबात नको, तिची एक ठिणगी पुरते. परत बसवताना वरच्या-खालच्या दोन्ही ओ-रिंग नव्या घाला, व्हिटॉनच्या (पेट्रोलने न बिघडणारं रबर) मागा, आणि बसवण्याआधी स्वच्छ इंजिन ऑइलचा थेंब लावा. कोरडी रिंग बसवताना कापली जाते, मग रेलवर पेट्रोल झिरपतं.

नवतप्यात (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) गाडी उन्हात २० मिनिटं उभी केली की लवकर सुरूच होत नाही. सकाळी मात्र एका सेल्फमध्ये होते. (वर्धा रोड)

किल्ली दोन-तीनदा ‘ऑन’ करून प्रत्येक वेळी दोन सेकंद थांबा, मग सेल्फ मारा. पटकन सुरू झाली तर उभ्या गाडीत रेलचा दाब उतरतोय. पंपाचा व्हॉल्व्ह धरत नसेल किंवा एखादा इंजेक्टर ठिबकत असेल. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर काळा धूर काढत सुरू झाली, तर ठिबकणारा इंजेक्टरच पकडा, इंजिन पेट्रोलने भरलंय. बेंचवर दाब देऊन, बंद अवस्थेत एक मिनिट ठेवून बघायला सांगा. एका थेंबापेक्षा जास्त पडलं तर धुवा, धुऊनही पडत असेल तर बदला.

२०१२ ची स्विफ्ट डिझेल. समृद्धी महामार्गावर ओढत नाही आणि एका इंजेक्टरच्या बुडाला डांबरासारखं काळं साचलंय. (बुटीबोरी)

ते डांबर म्हणजे इंजेक्टरखालच्या तांब्याच्या वॉशरमधून सुटणाऱ्या गॅसची काजळी. वॉशर नवाच लागतो, आणि बसण्याची जागा खरडून साफ केल्याशिवाय नवाही टिकणार नाही.

ओढ कमी असल्याचं वेगळं तपासा. चारही रिटर्न पाइप (इंजेक्टरमधून उरलेलं डिझेल परत नेणारे) बाटल्यांत सोडून इंजिन काही मिनिटं आयडलिंगला चालवा. ज्या बाटलीत बाकीच्यांच्या दुपटीने डिझेल जमलं, त्या इंजेक्टरवर संशय धरा. चालू इंजिनचा हाय प्रेशर पाइप कुणालाही सैल करू देऊ नका. तिथे हजार बारच्या वर दाब जातो, धार कातडीतून आत शिरते. डिझेलचे इंजेक्टर घरी धुण्याच्या भानगडीत पडू नका. नवा टाकलात तर बऱ्याच कॉमन रेल गाड्यांत त्याच्या डोक्यावरचा कोड स्कॅनरने ईसीयूत भरावा लागतो, ते झालं का ते विचारा.

ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने जुन्या गाडीचे इंजेक्टर खराब होतात का? टाकीत क्लीनर टाकू का? (काटोल)

सहसा आधी बिघडतात ते ओ-रिंग, रबरी पाइप आणि फिल्टर. इथेनॉल टाकीतली जुनी घाण सोडवतं, ती फिल्टरमध्ये अडकते आणि दोष इंजेक्टरवर येतो. त्यामुळे फिल्टर आधी बदला. इथेनॉल ओलही धरतं, पावसाळ्यात अर्ध्या टाकीने गाडी महिनाभर उभी ठेवू नका. पीईए (पॉलिइथरअमाइन, थर सोडवणारं रसायन) असलेलं क्लीनर भरलेल्या टाकीत टाकायला हरकत नाही, हलका थर त्याने निघतो. ज्या इंजेक्टरचा फवाराच वाकडा झालाय त्याला बाटलीने फारसा फरक पडत नाही.