गालफुगीनंतर एक वृषण बारीक झालं, मूल होईल का?

प्रश्न : वय 29, यवतमाळ जिल्ह्यात कोरडवाहू शेती. बाविसाव्या वर्षी गालफुगी झाली, आठवडाभरात डावं वृषण सुजलं; आता ते उजव्यापेक्षा बारीक आहे. लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही. बायकोचे रिपोर्ट नॉर्मल, तरी आई तिला देवऋषाकडे नेते. सुजेचं मी कोणालाच सांगितलं नाही.

उत्तर : भाऊ, आधी बायकोची धावपळ थांबवा. तिच्या तपासण्या झाल्या, तुमची एकही नाही.

वयात आल्यावर गालफुगी झाली तर साधारण चार-पाच जणांत एकाचं वृषण सुजतं, बहुधा गाल सुजल्यावर 4 ते 8 दिवसांनी. वृषणाचं आवरण ताणत नाही, त्यामुळे सुजेचा दाब आतल्या शुक्राणू बनवणाऱ्या नळ्यांवर पडतो. काही नळ्या मरतात, वृषण बारीक होतं. पण बहुतेकांचं एकच सुजतं आणि चांगलं राहिलेलं दुसरं काम भागवतं. दोन्ही सुजली तरी कायमचं वंध्यत्व क्वचितच येतं. पुरुषी हार्मोन वेगळ्या पेशी बनवतात, म्हणून संबंध नीट होतात एवढ्यावरून शुक्राणूंचा अंदाज लागत नाही.

वीर्य तपासणी करा. त्याआधी 2 ते 7 दिवस संबंध आणि हस्तमैथुन बंद. नमुना लॅबमध्येच द्या. गावाहून एसटीनं नेला तर तासाच्या वर जातो, शुक्राणूंची हालचाल मंदावते आणि रिपोर्ट विनाकारण वाईट येतो. तेल, थुंकी, साधा कंडोम वापरू नका. पहिला भाग सांडला तर लॅबवाल्याला सांगा, शुक्राणू त्यातच जास्त असतात. एका मिलीत 1.6 कोटी शुक्राणू आणि त्यातले 42 टक्के हालचाल करणारे ही खालची मर्यादा समजतात. त्याखालीही मूल होतं. मागच्या तीन महिन्यांत डेंग्यू किंवा दुसरा जोराचा ताप येऊन गेला असेल तर आकडा तात्पुरता घसरतो, कारण शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. रिपोर्ट वाईट आला तर तीन महिन्यांनी पुन्हा करा.

तेव्हाही कमीच आला तर मूत्ररोगतज्ज्ञ हार्मोन आणि सोनोग्राफी सांगतील. वृषणाच्या शिरा फुगल्यानंही ते बारीक होतं, आणि त्यावर ऑपरेशन आहे. शुक्राणू अगदी थोडे असले तरी एकेक शुक्राणू स्त्रीबीजात सोडून गर्भ तयार करता येतो. खर्च मात्र मोठा, म्हणून आधी साध्या वाटा पाहा. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खात असाल तर आजपासून सोडा. आणि कोणी 'ताकदीचं' टेस्टोस्टेरॉन इंजेक्शन देऊ केलं तर घेऊच नका, त्यानं उरलेले शुक्राणू बनणंही बंद पडतं.

बायकोला आज रात्रीच सगळं सांगा, तपासणीला तिला सोबत न्या. आईला सुजेची गोष्ट सांगायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण एवढं स्पष्ट बोला : "आई, तिचे रिपोर्ट चांगले आहेत, आता माझी तपासणी आहे. तिला कुठं नेऊ नको."