वाचकांचे प्रश्न : निवडून येणारा की शब्दाला जागणारा?

प्रश्न : सारसबागेत सकाळी फिरून झाल्यावर आम्हा निवृत्तांचा कट्टा भरतो. बहुतेकांची मुले अमेरिकेत असल्यामुळे तिथल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीवरही आम्ही महापालिकेच्या निवडणुकीइतक्याच हिरिरीने भांडतो. काही जणांचे म्हणणे असे, की पक्षाने उमेदवार ठरवताना तो निवडून येईल की नाही एवढेच पाहावे, कारण हरलेल्याच्या उत्तम विचारांचा कोणालाच उपयोग नसतो. उरलेल्यांच्या मते प्रचारातली आश्वासने मते मिळवण्यापुरतीच असतात. त्यांवरून उमेदवार पारखणे व्यर्थ आहे. आपले मत काय?
— एक निवृत्त बँक अधिकारी, पुणे ३०

उत्तर : आपल्या कट्ट्यावरील दोन्ही गट भांडत असले, तरी उमेदवार काय करू म्हणतो याकडे फारसे लक्ष देऊ नये, यावर त्यांचे एकमतच दिसते. मला ते मान्य नाही.

निवडून येण्याची क्षमता हा उमेदवाराच्या अंगचा गुण नसतो. इतर मतदार कसे वागतील, याविषयी आपण बांधलेला तो अंदाज असतो. स्थळ आपल्याला पसंत आहे की नाही हे बाजूला ठेवून ते शेजाऱ्यांना पसंत पडेल का, याची चौकशी करण्यासारखेच हे आहे. शिवाय हा अंदाज स्वतःलाच खरा करत जातो : वृत्तपत्रे एखाद्याला जिंकण्याजोगा म्हणतात, म्हणून देणगीदार त्याच्याकडे वळतात, पैसा आला म्हणून जाहिराती वाढतात, जाहिरातींमुळे जनमत चाचणीतला आकडा सुधारतो आणि मग तोच आकडा पुरावा म्हणून पुढे केला जातो.

२००४ चे उदाहरण पाहा. इराक युद्धाला उघड विरोध करणारे हॉवर्ड डीन डेमोक्रॅटिक कार्यकर्त्यांचे लाडके होते. पण पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेऱ्यांत मतदारांनी जॉन केरी यांना पुढे आणले. व्हिएतनाम युद्धात पदके मिळवलेल्या माणसाला जॉर्ज बुश राष्ट्रीय सुरक्षेच्या मुद्द्यावर दुबळा ठरवू शकणार नाहीत, हा त्यामागचा हिशेब होता. प्रत्यक्षात विरोधी जाहिरातींनी केरी यांच्या त्या लष्करी सेवेवरच हल्ला चढवला आणि ते पराभूत झाले. चारच वर्षांनी बराक ओबामा उभे राहिले. देश कृष्णवर्णीय अध्यक्ष स्वीकारणार नाही, असे त्यांच्याच पक्षातले अनेक जण खाजगीत म्हणत होते. त्यांना ३६५ निर्वाचक मते (राज्याराज्यांना वाटून दिलेली, अध्यक्ष ठरवणारी मते) मिळाली. १९८० मध्ये रोनाल्ड रेगन फारच उजवे, म्हणून जिंकण्याच्या कामाचे नाहीत, असे अनेकांना वाटत होते. त्यांनी ४४ राज्ये जिंकली.

अर्थात उलट उदाहरणेही आहेत, आणि ती दडवणे योग्य नाही. १९७२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने फारच डावे समजले जाणारे जॉर्ज मॅकगव्हर्न यांना उभे केले आणि ५३८ पैकी अवघी १७ निर्वाचक मते पदरात पाडून घेतली. २०२० मध्ये ट्रम्प यांना हरवू शकेल असा माणूस हवा म्हणून जो बायडेन यांची निवड झाली आणि तो अंदाज खरा ठरला. मात्र तो किती थोडक्यात खरा ठरला, हेही पाहावे. तिथे जिंकायला २७० निर्वाचक मते लागतात आणि मेन व नेब्रास्का सोडता प्रत्येक राज्यात आघाडीवर असलेल्यालाच त्या राज्याची सर्व मते मिळतात. त्यामुळे अ‍ॅरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांत मिळून सुमारे ४३ हजार मतांचे अंतर नसते, तर दोघांची बरोबरी झाली असती. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात २८ लाखांहून अधिक मते जास्त मिळूनही मिशिगन, पेनसिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिन येथील एकूण ८० हजारांहून कमी मतांनी निकाल फिरला. अशा मूठभर राज्यांत नोव्हेंबरमध्ये काय घडेल, हे फेब्रुवारीत प्राथमिक फेरीत मत देणाऱ्या आयोवातल्या शेतकऱ्याला सांगता येत नाही आणि, रागावू नका, सारसबागेतल्या कट्ट्यालाही नाही.

आता आश्वासनांविषयी. अध्यक्ष झालेला माणूस प्रचारात बोललेल्या बहुतेक गोष्टी करण्याचा निदान प्रयत्न तरी करतो, असेच राज्यशास्त्राच्या अभ्यासकांना दिसून आले आहे. मोडलेले वचन बातमी होते, पाळलेले विस्मरणात जाते. जेम्स पोक यांनी १८४४ मध्ये एकच कार्यकाळ पदावर राहण्याचे वचन दिले, आयातकर कमी केला, ब्रिटनशी असलेला ऑरेगनच्या सीमेचा वाद मिटवला, युद्ध करून का होईना कॅलिफोर्निया मिळवला आणि पुन्हा उभे राहिले नाहीत. हे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? इस्राएलमधील वकिलात जेरुसलेमला नेण्याचे आश्वासन अनेक उमेदवारांनी दिले आणि अध्यक्ष झाल्यावर पुढे ढकलले. ट्रम्प यांनी ते २०१८ मध्ये अमलात आणले. तो निर्णय योग्य होता का, हा वेगळा वाद आहे. मात्र ‘हे सगळे बोलण्यापुरतेच’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष करणाऱ्यांचा अंदाज चुकला.

म्हणून मी मनाच्या प्रामाणिकपणाची तपासणी फारशी करत नाही. ती कोणालाच नीट जमत नाही. मी एवढेच विचारतो, की ही गोष्ट अध्यक्षाच्या हातात आहे का आणि तिचा खर्च कोण सोसणार आहे. ओबामा यांनी क्युबातील ग्वांतानामो येथील अमेरिकी लष्करी तुरुंग वर्षभरात बंद करण्याचा आदेश जानेवारी २००९ मध्ये, पदावर येताच, काढला. कैद्यांना अमेरिकेत हलवण्यासाठी पैसा देण्यास संसदेने नकार दिला आणि तुरुंग चालूच राहिला. येथे हेतू खोटा नव्हता, हात तोकडे पडले. सीमेवरील भिंतीचा खर्च मेक्सिको देईल हे ट्रम्प यांचे विधान तर दुसऱ्या देशाच्या तिजोरीवर अवलंबून होते. मेक्सिकोने तो दिला नाही. मात्र लिंडन जॉन्सन यांना मी इतक्या सहज सोडणार नाही. आशियातील मुलांनी लढायच्या लढाईसाठी अमेरिकी मुलांना हजारो मैल दूर पाठवणार नाही, असे १९६४ च्या प्रचारात सांगणाऱ्या या अध्यक्षांनी पुढच्याच वर्षाअखेर व्हिएतनाममध्ये १ लाख ८० हजारांहून अधिक सैनिक नेले. सैन्याचा सरसेनापती अध्यक्षच असतो, तेव्हा हात बांधलेले होते ही सबब त्यांना मिळत नाही.

प्रश्न : आश्वासन मोडणाऱ्या नेत्याला अमेरिकेत न्यायालयात खेचता येते का? आपल्याकडे काय स्थिती आहे?
— पदवीच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, शिवाजीनगर

उत्तर : नाही, प्रचारातील आश्वासन हा तिथे कायद्याने बंधनकारक करार मानला जात नाही. आपल्याकडेही जाहीरनाम्यातील आश्वासने १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार भ्रष्ट आचरणात मोडत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तमिळनाडूतील मोफत वस्तूंच्या प्रकरणात म्हटले. त्याच निकालातील निर्देशामुळे निवडणूक आयोगाने आचारसंहितेत भर घातली, की आश्वासनांसाठी पैसा कोठून येणार हे पक्षांनी ढोबळमानाने सांगावे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने लाडक्या बहिणींना १,५०० ऐवजी २,१०० रुपये आणि महाविकास आघाडीने महिलांना ३,००० रुपये देऊ केले, तेव्हा हा प्रश्न दोघांनाही पुरेशा जोराने विचारला गेला, असे मला वाटत नाही.

अमेरिकेत शिक्षा मतपेटीतून होते आणि कधी कधी स्वपक्षापासूनच तिची सुरुवात होते. थोरल्या बुश यांनी १९८८ मध्ये नवे कर लावणार नाही असे ठणकावून सांगितले होते. वाढती तूट आणि विरोधकांच्या ताब्यातील संसद यांमुळे १९९० मध्ये त्यांनी करवाढ स्वीकारली. माझ्या मते अर्थव्यवस्थेच्या दृष्टीने ते शहाणपणाचे होते, उतावळे होते ते मूळ वचन. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक फेरीत पॅट ब्युकॅनन यांनी विद्यमान अध्यक्षांविरुद्ध ३७ टक्के मते घेतली आणि नोव्हेंबरमध्ये बुश बिल क्लिंटन यांच्याकडून हरले. मात्र १९५१ च्या बाविसाव्या घटनादुरुस्तीमुळे कोणालाही दोनपेक्षा अधिक वेळा निवडून येता येत नाही. त्यामुळे दुसऱ्या कार्यकाळात वचन मोडल्याचा हिशेब त्या अध्यक्षाला स्वतः चुकवावा लागत नाही; तो त्याच्या पक्षाच्या पुढच्या उमेदवाराकडून वसूल होतो.