‘म्वालो’, ‘दू’ आणि ‘डेझर्ट वाइन’

प्रश्न असा आला आहे: फ्रेंच गोड वाइनच्या बाटल्यांवर कुठे ‘म्वालो’ असतं, कुठे ‘दू’, कुठे ‘व्हॅं दू नात्युरेल’. फरक काय? आणि ‘डेझर्ट वाइन’ला ‘मिष्टान्न-मद्य’ म्हटलं तर चालेल का?

‘दू’ म्हणजे गोड. इथे फ्रेंच आणि मराठीचं छान जुळतं: नदीच्या पाण्याला आपण गोडं पाणी म्हणतो, तेही ‘ओ दूस’ म्हणजे गोडं पाणीच म्हणतात. बाटलीवर मात्र या शब्दाला कायद्याचं माप आहे. युरोपीय नियमांप्रमाणे लिटरमागे किमान 45 ग्रॅम साखर हवी.

‘म्वालो’ची गंमत जास्त. ‘म्वाल’ म्हणजे हाडातला मगज. त्यावरून म्वालो म्हणजे मऊ, लुसलुशीत. उशी म्वालो असते, केकही. हॉटेलात ‘म्वालो ओ शोकोला’ दिसलं तर तो केक समजावा. वाइन म्वालो असेल तर साखर साधारण 12 ते 45 ग्रॅम. लोआर खोऱ्यातल्या व्हूव्रेच्या बाटल्यांवर हा शब्द बऱ्याचदा भेटतो. त्याहून दाट, जवळजवळ पाकासारख्या वाइनना बोलण्यात ‘लिकोरो’ म्हणतात: सोतेर्न, मोंबाझियाक वगैरे. (शॅम्पेनचा न्याय मात्र वेगळाच. तिथे ‘सेक’, म्हणजे शब्दशः कोरडी, असं लिहिलेल्या बाटलीत 17 ते 32 ग्रॅम साखर असते!)

सोतेर्नची गोडी वरून घातलेली नसते. बोर्दोच्या दक्षिणेला सिरों या छोट्या नदीचं थंड पाणी गारोनला मिळतं, त्यामुळे शरदात सकाळी धुकं दाटतं आणि द्राक्षांवर बोट्रायटिस बुरशी धरते. दुपारच्या उन्हात मण्यातलं पाणी उडतं, साखर मागे उरते. याला म्हणतात ‘पुरित्युर नोब्ल’. काही जण ‘उदात्त बुरशी’ लिहितात, पण ‘पुरित्युर’ म्हणजे सडणं, कुजणं. त्यामुळे मला ‘खानदानी कूज’ जवळचं वाटतं. सगळे मणी एकदम कुजत नाहीत, म्हणून तोडणी अनेक फेऱ्यांत होते. शातो दिकेम या सोतेर्नच्या नामांकित मळ्यात तर एका वेलीमागे एकच ग्लास वाइन, असा हिशेब सांगतात.

‘व्हॅं दू नात्युरेल’, म्हणजे ‘नैसर्गिक गोड वाइन’, हे नाव वाचून फसगत होते, कारण हिच्यात मद्यार्क ओततात. रस आंबत असतानाच तो घातला की यीस्टचं काम थांबतं आणि द्राक्षाची साखर तशीच राहते. नैसर्गिक आहे ती ही साखर. या क्रियेचं नाव ‘म्युताज’; ‘म्युए’ म्हणजे मुका, त्यावरून आलेलं. आंबवण मुकं करायचं! स्पेनच्या सीमेलगतची बान्युल्स ही अशीच वाइन, आणि चॉकलेटपुढे टिकणाऱ्या थोड्या वाइनांपैकी एक.

आता ‘मिष्टान्न-मद्य’. मला तो शब्द पटत नाही, आणि फक्त जडपणामुळे नव्हे. फ्रान्समध्ये सोतेर्न बऱ्याचदा जेवणाच्या सुरुवातीलाच येते, बदकाच्या किंवा हंसाच्या यकृताच्या फ्वा ग्राबरोबर. नाहीतर मागाहून रोकफोर या खारट, निळ्या बुरशीच्या मेंढीच्या चीजबरोबर. खारट-गोड ही जोडी तिथे मुरलेली आहे. उलट गोड पदार्थाबरोबर अडचणच होते: पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन पाणचट आणि आंबट लागते. म्हणून म्वालो वाइन आणि म्वालो केक एकत्र आणू नयेत. तार्त तातँ या सफरचंदाच्या गोड पायबरोबर लोआरचीच कोतो द्यू लेयों मात्र जमते, कारण तिच्यात गोडीबरोबर आंबटपणाही भरपूर.

संस्कृतात द्राक्षाच्या मद्याला ‘मार्द्वीक’ असा सुरेख शब्द आहे. तो ‘मृद्वीका’ म्हणजे द्राक्ष यावरून, आणि त्याच्या मुळाशी ‘मृदु’. म्हणजे पुन्हा म्वालोच! पण आज तो कोणाला कळणार? ‘द्राक्षासव’ तर आयुर्वेदिक औषधाच्या बाटलीवर आधीच बसलंय. तेव्हा सरळ ‘गोड वाइन’ लिहावं, आणि प्रकार सांगायचा असेल तर फ्रेंच नाव देवनागरीत तसंच ठेवावं.