प्रायव्हेट बोट म्हणून पैसे घेतले, जॉइंट बोटीत बसवलं आणि वरून चेक बाउन्सची नोटीस

नागपूरच्या मनीषनगरमधल्या एका वाचकांचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते. ऑगस्टमध्ये घरचे सहा जण, म्हणजे नवरा-बायको, दोन मुलं आणि आई-बाबा, बर्डीवरच्या एका ट्रॅव्हल एजंटकडून थायलंडच्या क्राबीला गेले. पॅकेज ४,६०,०००. त्यातले ४ लाख आधी दिले, उरलेल्या ६० हजारांचा पुढच्या तारखेचा चेक. कोटेशनमध्ये फी फी बेटांची फुल डे प्रायव्हेट स्पीडबोट वेगळी लिहिलेली, ५२ हजार. पिलेह लगूनमध्ये पोहणं, स्नॉर्कलिंग, आणि चक्क 'माया बे येथे स्विमिंग'. तिथे गेल्यावर तीसेक अनोळखी लोकांच्या जॉइंट बोटीत बसवलं, मुलांच्या मापाचे लाइफ जॅकेट नाहीत, माया बे बंद, लगूनमध्ये जेमतेम वीस मिनिटं. बोटीच्या शिडीवर बाबांचा पाय घसरला, पोटरीला टाके पडले. परत आल्यावर यांनी चेकचं पेमेंट थांबवलं, गूगलवर एजंटला 'चोर, ४२०' लिहिलं. आता एजंटची नोटीस आली आहे आणि विचारतात, ताई, फसवणूक आमची झाली तर आरोपी आम्ही कसे?

भाऊ, तुमचा राग मला कळतो. पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी दोन ओळींत लिहिली आहे, म्हणून मी तिथूनच सुरू करते. चेक.

तुम्हाला वाटतं की खात्यात पैसे होते, मीच बँकेला सांगून थांबवला, म्हणजे तो बाउन्स झालाच नाही. असं नाही हो. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ मध्ये स्टॉप पेमेंटसुद्धा येतं, सुप्रीम कोर्टाने मोदी सिमेंट्सच्या केसमध्ये १९९८ सालीच हे सांगून ठेवलंय. खात्यात पुरेसे पैसे होते आणि थांबवायला खरं कारण होतं हा बचाव कायद्यात आहे, पण तो सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर, कारण चेक दिला म्हणजे देणं होतं असं कोर्ट धरूनच चालतं. आणि तुमची अडचण अशी की विमानाची तिकिटं, हॉटेल, ट्रान्सफर, हे सगळं तुम्ही वापरलंय. ६० हजारांतला एक रुपयाही देणं लागत नव्हतो असं शपथेवर म्हणणं तुम्हाला जड जाईल.

नोटीस हातात पडली त्या दिवसापासून पैसे द्यायला १५ दिवस असतात आणि तुमचे सहा गेले. या १५ दिवसांत चेकची पूर्ण रक्कम दिली तर गुन्हाच पूर्ण होत नाही, विषय तिथेच संपतो. नाही दिली तर एजंट पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार टाकू शकतो, मग समन्स, जामीन, तारखा, आणि शिक्षा झालीच तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट दंड किंवा दोन्ही. तुमच्या नोकरीत सुट्टी मिळायची मारामार आहे असं तुम्हीच लिहिलंय, मग आरोपी म्हणून सिव्हिल लाइन्सच्या चकरा काहून मारायच्या? बँकेचा रिटर्न मेमो, म्हणजे चेक परत आल्याची चिठ्ठी, मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याने नोटीस पाठवली का ते तपासा, त्यासाठी पाकीट जपून ठेवा, पण फक्त त्या तांत्रिक मुद्द्यावर विसंबून बसू नका.

माझं स्पष्ट मत, ६० हजार देऊन टाका. रोख नाही, खात्यातून एनईएफटीने. आणि त्याच दिवशी एक पत्र, की ही रक्कम निषेध नोंदवून, आमचे सगळे हक्क राखून देत आहोत, बोटीचा खर्च आणि नुकसानभरपाई आम्ही ग्राहक आयोगात मागणार आहोत. मन मानत नाही, माहीत आहे. पण यानंतर तुम्ही आरोपी राहत नाही, फक्त तक्रारदार राहता, आणि 'ह्यांनीच पैसे बुडवले' हे एजंटचं सगळ्यात मोठं वाक्य त्याच्या हातून निघून जातं.

आता खरी केस. तुम्ही लिहिलंय 'पूर्ण ४,६०,००० परत पाहिजेत आणि वर १० लाख'. हे करू नका. तुमची केस बोटीची आहे, पूर्ण ट्रिपची नाही. चांगल्या हॉटेलात पाच रात्री राहून, विमानाने जाऊन-येऊन सगळे पैसे परत मागितले की आयोगाला पहिल्या पानावरच वाटतं की माणूस वाढवून बोलतोय, आणि मग खरं असलेलंही हलकं होतं. बोटीचा दिवस मात्र तुमचा इतका भक्कम आहे की मी वाचताना दोनदा थांबले.

माया बेचंच घ्या. फी फी लेह बेटावरची ही खाडी गर्दीने प्रवाळ मेलं म्हणून थायलंड सरकारने २०१८ मध्ये बंद केली, १ जानेवारी २०२२ ला उघडली, आणि तेव्हापासून दरवर्षी १ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर ती बंद असते. उघडी असते तेव्हाही तिथे पोहता येत नाही, पायापुरतं पाण्यात उभं राहायचं, आणि बोटीसुद्धा खाडीत जात नाहीत, मागच्या लोह समाह बाजूला लागतात. म्हणजे ऑगस्टच्या पॅकेजमध्ये 'माया बे येथे स्विमिंग' लिहिणं हे दोन्ही बाजूंनी खोटं. हवामान, लाटा, देवाची करणी, असलं काहीही इथे चालत नाही. बंद राहण्याच्या तारखा त्यांचं राष्ट्रीय उद्यान खातं जाहीर करतं आणि थायलंड विकणाऱ्या माणसाला ते माहीत असायलाच पाहिजे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेबद्दल खोटी माहिती देऊन विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, कलम २(४७), आणि ठरलेली सेवा न देणं ही सेवेतली त्रुटी, कलम २(११). दोन्ही मुद्दे तक्रारीत वेगवेगळे मांडा.

दुसरा मुद्दा प्रायव्हेट बोट. एजंट म्हणतो लगून तर बघितलं ना, पाणी तेच, बेट तेच. इथे नीट समजावून सांगावं लागेल, कारण समोर बसलेले सदस्य स्वतः तिकडे गेलेच असतील असं नाही. पिलेह लगून म्हणजे चुनखडीच्या उभ्या कड्यांनी वेढलेलं उथळ हिरवं-निळं पाणी, आत जायला अरुंद तोंड. दुपारकडे जॉइंट बोटी एकामागे एक घुसतात, पाण्यात माणसंच माणसं आणि इंजिनचा आवाज. बोट आपली असली की पहाटे लवकर निघता येतं, भरती-ओहोटी बघून थांबता येतं, पोरांना शांत पाण्यात मास्क लावून शिकवता येतं, आणि ज्यांना पोहता येत नाही ते म्हातारे आई-बाबा सावलीत बोटीतच बसून राहू शकतात. तुम्ही ५२ हजार याच्यासाठी मोजले होते. जॉइंट बोटीत तिकिटाच्या हिशोबाने बसवणं म्हणजे वेगळीच सेवा दिली, आणि वेळ दुसऱ्याच्या हातात गेली म्हणून तर घाईत शिडी चढताना बाबा घसरले. हा धागा तक्रारीत असा जोडून लिहा. शिवाय ऑगस्ट हा त्या किनाऱ्यावर पावसाळ्याचा महिना, समुद्र खवळलेला असू शकतो, हे आधी सांगितलं होतं का? व्हॉट्सॲपवर शोधा.

लाइफ जॅकेटबद्दल मला जरा जास्तच बोलायचंय. आपण नागपूरचे लोक, समुद्र आपल्यापासून सातशे-आठशे किलोमीटर, पोरं पोहायला शिकतात ती अंबाझरीच्या पूलमध्ये, चार फूट पाण्यात, कोच बाजूला उभा. अशा घरातली आठ आणि अकरा वर्षांची मुलं उघड्या समुद्रात मोठ्यांचं ढगळ जॅकेट घालून उतरवली, जे खांद्यावरून वर सरकत होतं असं तुम्ही लिहिलंय. कोणाला काही झालं नाही म्हणून हा मुद्दा तुम्ही एका ओळीत उरकलाय. उरकू नका. ज्या फोटोत जॅकेट वर सरकलेलं दिसतंय तो फोटो तक्रारीला पहिला लावा.

एजंट काय म्हणेल तेही सांगून ठेवते. म्हणेल आम्ही फक्त मध्यस्थ, बोट तिकडच्या कंपनीची. तुमच्या कोटेशनवर किंवा व्हाउचरवर त्या बोटवाल्याचं नाव कुठे आहे का बघा. नसेल तर बरंच आहे, कारण भारतीय करार कायद्याच्या कलम २३० नुसार एजंटने तो ज्याच्या वतीने काम करतो त्याचं नाव सांगितलंच नसेल तर तो स्वतः बांधला गेलाय असं धरलं जातं. पैसे त्याने घेतले, पावती त्याची, माणूस त्याने निवडला. थायलंडच्या बोटवाल्याला पार्टी करायच्या भानगडीत पडू नका, त्याला समन्स बजावता बजावताच वर्षं जातील.

मग म्हणेल अटींमध्ये 'फक्त मुंबई न्यायक्षेत्र' लिहिलंय. ग्राहक कायद्याच्या कलम ३४ मध्ये तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते असं स्पष्ट आहे, आणि हा माणूस तर बर्डीवरच बसतो. आणि धक्क्यावर घाईत सही घेतलेला तो इंग्रजी फॉर्म, 'आम्ही जबाबदार नाही' वाला, त्याने फार घाबरू नका, त्यावर एजंटची सहीच नाही. फक्त एक सांभाळा, 'करारच अन्याय्य ठरवा' अशी मागणी जिल्हा आयोगात करू नका, अन्याय्य कराराच्या तक्रारी कायद्याने राज्य आयोगाकडे आहेत. ही एक ओळ चुकून घातली की समोरचा वकील अधिकारक्षेत्राचा आक्षेप घेऊन महिने खातो.

जिल्हा आयोगाची मर्यादा दिलेल्या मोबदल्यावर मोजतात, ५० लाखांपर्यंत. तुमचा मोबदला ५ लाखांच्या आत, म्हणून फी शून्य. मुदत दोन वर्षांची आहे, चेकसारखी धावपळ इथे नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या टाकता येते, वकील सक्तीचा नाही. बाबांनी पैसे दिले नाहीत म्हणून ते ग्राहक नाहीत असं वाटून घेऊ नका, ज्याच्यासाठी सेवा घेतली तोही ग्राहकच, त्यांना सहतक्रारदार करा. एजंटला उत्तर द्यायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५, त्याच्या वर मिळत नाहीत. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल द्यावा, पण तुम्ही त्याहून बराच जास्त वेळ धरूनच चला. मागणी काय करायची, तर बोटीचे ५२ हजार व्याजासह, पार्कची एन्ट्री 'इन्क्लुडेड' असून तिथे परत भरावी लागली ते बाथमधले, म्हणजे थाई चलनातले, पैसे, बाबांचा दवाखाना, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च. त्रासाची रक्कम अशी टाका की वाचणाऱ्याला ती रास्त वाटेल.

पुराव्याचं बोलायचं तर फोन बदलू नका, चॅट डिलीट करू नका, एक्सपोर्ट करून ठेवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र चॅट, फोटो अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर जोडून द्या. बोटीवर मनगटाला बांधलेला पट्टा किंवा शर्टवर लावलेलं स्टिकर असेल तर फेकू नका, जॉइंट बोटीचा त्याच्यासारखा पुरावा नाही. त्या बोटीवर अमरावतीचं एक कुटुंब भेटलं असं तुम्ही लिहिलंय, त्यांचं एक साधं प्रतिज्ञापत्र मिळालं तर सोनं.

इन्शुरन्सचा क्लेम वेगळा करा, तो तुम्ही विसरलाच आहात. पॉलिसीत वॉटर स्पोर्ट्स वगळलेले असू शकतात, म्हणून बाबांना कसं लागलं ते जसंच्या तसं लिहा, ते स्नॉर्कलिंग करत नव्हते, पाण्यात उतरलेच नव्हते, बोटीची शिडी चढत होते. खोटं घालायची गरजच नाही, खरंच तुमच्या बाजूचं आहे. कंपनीने नाकारलं किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, तिथेही फी नाही.

४२० चं विचारलंत. ते कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, पण त्यासाठी सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं आणि ज्याने बाकी सगळी ट्रिप नीट करून दिली त्याच्याबाबतीत ते अवघड आहे. पोलिस स्टेशनला जाऊन शक्ती घालवू नका. आणि गूगलवरचा रिव्ह्यू आज रात्रीच बदला. 'चोर' आणि '४२०' काढा, घडलं ते लिहा, प्रायव्हेट बोटीचे पैसे घेतले, जॉइंट बोट दिली, माया बे दरवर्षी ऑगस्टमध्ये बंद असूनही विकली. खरं आणि लोकांच्या हिताचं लिहिलं तर बदनामीच्या कलम ३५६ मध्येच त्याला अपवाद आहे, शिवीला नाही.

बाबांचे दवाखान्याचे कागद थाई भाषेत आहेत म्हणालात, तर त्या दवाखान्याला ईमेल करून इंग्रजी मेडिकल रिपोर्ट मागवा, जितका उशीर कराल तितका तो मिळणं कठीण. पण त्याच्याही आधी सोमवारी बँक उघडली की ते ६० हजार, आणि पत्र स्पीड पोस्टने, पोच जपून ठेवा. नोटीस सही करून घेतल्याची तारीख नक्की आठवत नसेल तर तुमच्या पोस्टमनला विचारा, अंदाजावर दिवस मोजू नका.