घळ उताराच्या उलट दिशेने का वाढते, आणि तिची माती जाते कुठे?

पाणी खाली वाहतं, मग घळ वर डोंगराकडे कशी वाढते, आणि कोरड्या खोऱ्यात वर्षातून मोजकेच दिवस पाणी असताना तिची माती कुठे जाते, असं तुम्ही विचारलंय. दुसरा प्रश्न खरा अवघड.

घळ बघताना आधी तिचा माथा बघा. तिथे उभी पायरी असते. पावसाचं पाणी तिच्यावरून पडतं, पायथ्याशी खड्डा करतं, खालचा थर पोखरतं आणि वरची माती अधांतरी राहून ढासळते. पायरी थोडी मागे सरकली, पुढच्या पावसात पुन्हा तेच. वरचा थर घट्ट आणि खालचा भुसभुशीत असला की हे काम झपाट्याने होतं. मातीत सोडियम जास्त असेल तर आणखी वाईट: पाणी लागताच कण सुटे होतात, भेगांतून शिरलेलं पाणी जमिनीखाली बोगदे पाडतं, आणि छत खचलं की आयती घळ तयार. साधे ओघळ नांगरटीत बुजतात, ही मात्र बुजत नाही.

कोरड्या भागातच हे जास्त का? लँगबीन आणि शुम या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९५८ साली अमेरिकेतल्या नोंदींवरून मांडलं की वर्षाला सुमारे ३०० मिलीमीटर पावसाच्या आसपास गाळ सर्वांत जास्त निघतो. त्याहून कमी पाऊस असेल तर माती वाहून न्यायला पाणीच नसतं. जास्त असेल तर गवत-झुडपं जमीन धरून ठेवतात. पुढे इतर देशांतल्या नोंदी हाती आल्यावर हा आकडा सगळीकडे लागू पडत नाही हे दिसलं, पण त्यामागचं कारण मला आजही पटतं.

पाऊस नसतानाही घळ स्वस्थ नसते. उभे काठ वाळून तडकतात, ढेकळं गळून तळाशी ढीग साचतो. पहिला लोंढा हा तयार माल उचलतो, म्हणून तो बहुतेक वेळा सर्वांत गढूळ असतो.

आता माती जाते कुठे. बरीचशी नदीपर्यंत पोचतच नाही, निदान लगेच तरी नाही. कोरड्या वाळूच्या तळात पाणी मुरत जातं, त्यामुळे पुढे जाता जाता लोंढाच आटतो. आधी गोटे टाकतो, मग वाळू. चिकणमाती तेवढी लांब जाते. खोरं रुंद होतं तिथे गाळ पंख्यासारखा पसरतो. म्हणून नदीत मोजलेल्या गाळावरून वरच्या उताराची झीज ठरवणं मला धोक्याचं वाटतं.

आणि हा टाकलेला गाळच पुढची घळ जन्माला घालतो. एका ठिकाणी थर साचत गेला की त्याच्या खालच्या टोकाला उतार तीव्र होत जातो. शुमचं म्हणणं असं की उताराने मर्यादा ओलांडली की नवी पायरी पडते, आणि त्यासाठी हवामान बदलायलाच हवं असं नाही. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक सपाट खोरी काही दशकांतच खोल चिरली गेली. दोष अतिचराईचा की पावसाच्या बदललेल्या तऱ्हेचा, यावर बराच वाद झाला. पण त्या घळींच्या काठांत जुन्या, गाळाने भरून बुजलेल्या घळींचे आडवे छेद दिसतात. म्हणजे चराईच्या आधीही तिथे कापणं आणि भरणं चालूच होतं. माझ्या मते गुरांनी घाई केली, सुरुवात केली नाही.

घळीत बांध घालायचा विचार असेल तर आधी माथ्यावर येणारं पाणी अडवा किंवा वळवा. नाहीतर खाली बांध भरत राहतो आणि वर पायरी मागे सरकत राहते. चीनच्या लोएस (वाऱ्याने आणून साचवलेली बारीक माती) पठारावर घळींत बांध घालून, साचलेल्या गाळावर सपाट शेतं केली आहेत आणि ती पिकतात. मात्र तिथे जादा पाण्याला सांडवा हवाच, कारण बांध फुटला तर वर्षानुवर्षं साठलेला गाळ एकाच पुरात खाली येऊ शकतो.